बोल्टच्या डोक्यावरचे आकडे

शेतावरच्या डिझेल इंजिनाचा एखादा बोल्ट तुटला, की आपण तो खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि ‘असाच एक द्या’ म्हणतो. दुकानदार जाडी व लांबी पाहतो, नट फिरवून आटे पाहतो. तिन्ही जुळले की काम झाले, असे आपण समजतो. बोल्टच्या डोक्यावरच्या ८.८ किंवा १०.९ अशा आकड्यांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. हे आकडे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच असे नव्हते. सन १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने अचूक आटे पाडणारा लेथ बनवला. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा करून मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला दर इंचास ठरावीक आटे, अशी ती पद्धत होती.

अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन सुचवला. हा समभुज त्रिकोणाचा कोन असल्याने तो काढायला व तपासायला सोपा. पण आता जगात दोन पद्धती झाल्या. अर्ध्या इंची बोल्टवर व्हिटवर्थचे इंचाला १२ आटे, तर सेलर्सचे १३!

आटे न जुळण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहराला लागलेल्या आगीने दाखवले. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे तिथल्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. सुमारे दीड हजार इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश आणि अमेरिकी सुट्या भागांचा मेळ बसेना. अखेर १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे समान आटे मान्य केले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पहिली तांत्रिक समितीही आट्यांसाठीच होती.

आटे जुळले, तरी प्रश्न संपला नाही. दिसायला सारखे दोन बोल्ट वेगवेगळ्या पोलादाचे असू शकतात. म्हणून ताकदीचे वर्ग ठरले आणि ते डोक्यावर छापले जाऊ लागले. ८.८ हा दशांश अपूर्णांक नव्हे. पहिल्या ८ ला १०० ने गुणले, की ८०० मिळतात. दर चौरस मिलिमीटरला साधारण इतके न्यूटन बल बोल्ट तुटण्यापूर्वी सोसतो. दुसरा ८ सांगतो, की यातल्या आठ-दशांश, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत तो ताणला तरी पूर्ववत होतो. त्यापुढे तो कायमचा लांबतो. याच हिशेबाने ४.६ ची मर्यादा २४०, तर १०.९ ची ९०० येते. अमेरिकी इंची बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात: ग्रेड ५ ला तीन, ग्रेड ८ ला सहा.

आठ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टचे आट्यांपाशी क्षेत्रफळ सुमारे ३६.६ चौरस मिलिमीटर धरतात. म्हणजे ४.६ चा बोल्ट सुमारे ९०० किलो वजनाइतका ताण सोसेल, तर ८.८ चा सुमारे २,४००.

इंजिनात हा फरक जिवावर बेतू शकतो. आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन भाग दाबून धरतो. हा दाब पुरेसा असला, तर प्रत्येक फेऱ्यात बदलणाऱ्या बलाचा थोडाच हिस्सा बोल्टवर येतो. मऊ बोल्ट तितका आवळताच येत नाही. मग सांधा हलू लागतो, बोल्ट थकतो आणि तुटतो. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट असा तुटला, तर रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येऊ शकतो.

म्हणून अधिक आकड्याचा बोल्ट सगळीकडे वापरावा का? तसेही नाही. कठीण बोल्ट त्याच्या पुऱ्या ताकदीने आवळला, तर ॲल्युमिनियमच्या भागातले आटेच उपटून येतात. काही यंत्रांत तर एखादी पिन मुद्दाम कमजोर ठेवतात. अडथळा आला तर ती तुटावी आणि महागडा भाग वाचावा, यासाठी. तेव्हा उत्पादकाने सांगितलेलाच वर्ग वापरावा. डोके कोरे असेल, तर तो बोल्ट महत्त्वाच्या जागी लावू नये.

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. पण मिस्त्रींच्या बोलण्यातले ‘सूत’, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अजून टिकून आहे. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. त्याचा नट आठ मिलिमीटरच्या बोल्टवर एक-दोन आटे चढून अडतो. पाना लावून जोर केला, की दोघांचेही आटे जातात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावातल्या गॅरेजमधून जुने बोल्ट गोळा करायला सांगावे. डोक्यावरच्या खुणांनुसार ते वेगळे करावेत, एक इंचात किती आटे बसतात ते मोजावे आणि प्रत्येकाचा ताण काढावा. भंगारातल्या मूठभर लोखंडात गणित, पदार्थविज्ञान आणि इतिहास तिन्ही एकत्र सापडतील, असे आम्हाला वाटते.