विधवेच्या खळ्यावरचा दशमांश

ख्रिस्ती धर्मात दशमांशाची कल्पना आली ती यहुदी धर्मशास्त्रातून. इस्राएल लोकांनी देशाची वाटणी केली तेव्हा लेवी वंशाला जमिनीचा हिस्सा मिळाला नाही. देवाची सेवा हेच त्याचे वतन. म्हणून इतरांनी पिकाचा दहावा भाग त्याच्या निर्वाहासाठी द्यावा, असा नियम झाला. ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात तर याहून हृद्य तरतूद आहे. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवावा आणि लेव्यांबरोबर परका, पोरका व विधवा यांनीही तो पोटभर खावा. पुढे संत पौलाने करिंथ येथील मंडळीला दानाविषयी लिहिले, त्यात दहाव्या हिश्शाचा उल्लेखही नाही. देणे मनापासून असावे, सक्तीने नसावे, एवढाच त्याचा आग्रह.

परंतु युरोपात धर्मपीठ राजसत्तेच्या मांडीला मांडी लावून बसले आणि या दानाचा कर झाला. इ. स. ७७९ मध्ये शार्लमेनने तो राजाज्ञेने सक्तीचा केला. आमच्याकडची सरदेशमुखीही शेकडा दहाच होती. मात्र ती पुण्यकर्म म्हणून कोणी मागत नसे.

या कराचे सर्वांत विपरीत रूप आयर्लंडात दिसले. १८३४ च्या गणनेप्रमाणे तेथील सुमारे ७९ लाख लोकांपैकी ६४ लाख कॅथलिक होते. राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चचे अनुयायी जेमतेम साडेआठ लाख. तरी दशमांश सर्वांनी द्यायचा, तो या राजमान्य चर्चला. कितीएक वर्षे मोठमोठ्या गुरचरणींना यातून जवळजवळ सूट होती, आणि दक्षिणेकडे मात्र गरीब कुळाच्या बटाट्यावरही आकारणी होई! १८२३ च्या कायद्याने गुरचरणीही करात आल्या, तेव्हा गुरे बाळगणारे सधन शेतकरी असंतुष्टांना येऊन मिळाले.

१८३१ मध्ये किल्केनी परगण्यात जप्तीला उघड विरोध सुरू झाला. शिपाई येताना दिसले की इशारा मिळे आणि गुरे दूर हाकलली जात. जप्त जनावराला लिलावात गिऱ्हाईक मिळत नसे. बारडोलीचा १९२८ चा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मात्र येथे अहिंसेचे बंधन नव्हते. त्याच वर्षी १४ डिसेंबरला कॅरिकशॉक येथे जमावाने डझनावर पोलीस ठार केले.

तीन वर्षांनी, १८ डिसेंबर १८३४ रोजी, कॉर्क परगण्यात रॅथकॉर्मकजवळ रायन नावाच्या एका विधवेकडून ४० शिलिंग वसूल करण्यासाठी पायदळ आणि घोडदळ आले. ज्यांचा हा दशमांश, ते धर्मगुरू आर्चडीकन रायडर स्वतः न्यायाधिकारी म्हणून हजर होते. लोकांनी वाट अडविली, गोळीबार झाला, निदान बारा माणसे मेली. धर्मग्रंथाने जिला दशमांशातून जेवू घालण्यास सांगितले, तिच्याच खळ्यावर हे घडले.

ही रयत कृपण होती म्हणावे, तर तेही खरे नाही. आपल्या कॅथलिक धर्मगुरूंना ती स्वखुशीने पोशीत होती. आणि १८२४ पासून डॅनिएल ओकॉनेलच्या कॅथलिक असोसिएशनला हजारो गरिबांनी दरमहा एकेक पेनी दिली होती. त्यासाठी कोठे फौज न्यावी लागली नाही.

१८३८ मध्ये दशमांश पाव हिश्शाने घटवून जमीनदारावर बसविण्यात आला. त्याने तो खंडात मिळविला, हे सांगणे नकोच. अखेर १८६९ मध्ये ग्लॅडस्टनने चर्चची राजमान्यता काढण्याचा कायदा केला आणि १८७१ च्या आरंभी तो अमलात आला. त्यानंतर त्या चर्चलाही आपल्या अनुयायांच्या ऐच्छिक वर्गणीसाठी हात पुढे करावा लागला, आणि ती त्यांनी दिली.