पाद्री, प्राध्यापक आणि दरवर्षीच्या अठरा विधवा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मॅक्लॉरिन श्रेणीने ज्यांची झोप उडवली असेल, त्यांना कॉलिन मॅक्लॉरिन हे नाव नव्याने सांगायला नको. याच मॅक्लॉरिनने १७४३ मध्ये एका अगदी निराळ्या प्रश्नाचे गणित तपासून दिले होते. स्कॉटलंडमधील पाद्री आणि प्राध्यापक यांच्या विधवा एका वेळी जास्तीत जास्त किती असू शकतील, हा तो प्रश्न. विद्यापीठांनी आपल्या माणसांच्या मृत्यूची जोखीम दानधर्मातून काढून हिशेबाच्या वहीत कशी आणली, त्याचा हा धागा.

त्या काळी प्राध्यापकाला पद आणि पगार असे, पण निवृत्तिवेतन नसे. त्यामुळे वृद्ध प्राध्यापक खुर्ची सोडत नसत, कारण सोडली तर खायचे काय? एडिंबरा विद्यापीठात जेम्स ग्रेगरी हे गणिताचे प्राध्यापक वयाने व आजाराने थकले होते, तरी जागा त्यांच्याच नावावर होती. १७२५ मध्ये त्यांच्या मदतीला मॅक्लॉरिनची नेमणूक करण्याचे ठरले, तेव्हा एकाच आसनावरच्या दोन माणसांना पगार कुठून द्यायचा हा पेच पडला. अखेर साक्षात आयझॅक न्यूटनने नगरप्रमुखाला पत्र लिहून, ग्रेगरींची जागा रिकामी होईपर्यंत आपण पदरचे २० पौंड दरसाल देऊ, असे कळवले. एका विद्यापीठाची आर्थिक तजवीज न्यूटनच्या खिशावर अवलंबून राहावी, यातच त्या व्यवस्थेचे सारे दुबळेपण दिसते.

पाद्र्याच्या कुटुंबाची अवस्था याहून बिकट होती. घर चर्चचे आणि वेतन पदाचे. पाद्री मरण पावला की दोन्ही त्याच्या जागी येणाऱ्याकडे जात. विधवेच्या हाती सहा महिन्यांचे वेतन पडे, आणि मुलाबाळांसह घर रिकामे करावे लागे. शेतकऱ्याच्या मागे जमीन राहते, व्यापाऱ्याच्या मागे दुकान राहते. पाद्री आणि प्राध्यापक यांच्या मागे राहत ते मुख्यतः ग्रंथ. स्कॉटलंडच्या चर्चचा आणि तिथल्या विद्यापीठांचा संबंध इतका निकटचा होता, की दोघांची काळजी एकाच योजनेत वाहिली जावी हे ओघानेच आले.

योजना आखणारे दोघेही एडिंबराचे पाद्री, आणि दोघे चर्चच्या परस्परविरोधी पक्षांतले. अलेक्झांडर वेबस्टर कडव्या धर्मनिष्ठ गटाचे. मात्र मद्य पचवण्याच्या त्यांच्या क्षमतेमुळे मित्रमंडळी त्यांना ‘बोनम मॅग्नम’ म्हणत. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘महान कल्याण’, आणि दारूच्या मोठ्या बाटलीलाही ‘मॅग्नम’च म्हणतात. रॉबर्ट वॉलेस मवाळ गटाचे, संथ प्रकृतीचे आणि गणिताचे जाणकार. तरुणपणी त्यांनी याच ग्रेगरींच्या हाताखाली काही काळ साहाय्यक म्हणून काम केले होते.

वर्गणी गोळा करून गरजू विधवेला मदत द्यायची, हा मार्ग जुनाच होता. त्यात अडचण अशी, की मदत किती मिळेल हे त्या वर्षीच्या वर्गणीवर आणि वाटेकऱ्यांच्या संख्येवर ठरते. विधवा वाढल्या की प्रत्येकीचा वाटा घटतो. वॉलेस आणि वेबस्टर यांना वेगळे काही हवे होते. ठरलेला हप्ता भरणाऱ्याच्या विधवेला ठरलेली रक्कम तहहयात मिळावी, तीही हक्काने, कुणापुढे हात न पसरता. पण असे वचन द्यायचे, तर भविष्यात किती विधवा असतील हे आजच कळायला हवे.

मग त्यांनी देशभरातील स्थानिक धर्ममंडळांकडून माहिती मागवली. मागील वीस वर्षांत किती पाद्री वारले, किती विधवा व किती अनाथ मुले मागे राहिली? उत्तरांच्या सरासरीतून जे चित्र निघाले, ते आजही अंगावर येते. एका वेळी हयात असणारे पाद्री ९३०. त्यांतले दरवर्षी २७ मरतात. त्या २७ पैकी १८ जणांच्या मागे विधवा उरते. आणखी ५ जणांच्या मागे पत्नी नसते, पण मुले असतात. कोणता पाद्री यंदा मरेल, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण सत्तावीस मरतील, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. विमाशास्त्राचा सगळा डोलारा या एका फरकावर उभा आहे.

दरवर्षी १८ नव्या विधवांची भर पडते आणि काही जुन्या मरण पावतात वा पुनर्विवाह करतात. असे होत होत संख्या कुठेतरी स्थिरावणार. वॉलेसने प्रथम तो आकडा २७९ काढला. मॅक्लॉरिनने त्यावर बोट ठेवले. वॉलेसच्या हिशेबात सर्व विधवांचा मृत्युदर एकसारखा धरला होता. प्रत्यक्षात कुणी पंचविशीत विधवा होते, तर कुणी पासष्टीत. दोघींपुढचे आयुष्य सारखे कसे असेल? त्यासाठी मॅक्लॉरिन एडमंड हॅलेच्या मृत्युसारणीकडे वळला. होय, धूमकेतूवाले हॅले. ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून त्यांनी १६९३ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. तिच्या आधारे विधवांची संख्या २७९ हून अधिक निघाली. कागदावर ही किरकोळ दुरुस्ती वाटेल. ती झाली नसती तर पुढे वाढीव विधवांना द्यायला निधीत पैसे उरले नसते.

योजनेत चार वर्ग होते. वर्षाला २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स भरणाऱ्याच्या विधवेला दरसाल १० पौंड मिळत. सर्वांत वरच्या वर्गात हप्ता ६ पौंड ११ शिलिंग ३ पेन्स आणि वर्षासन २५ पौंड. मधले दोन वर्ग १५ व २० पौंडांचे. चारही वर्गांत हप्ता वर्षासनाच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक, अगदी एकाच प्रमाणात. विधवा नसेल आणि मुले असतील, तर वर्षासनाच्या दहापट रक्कम मुलांना एकदम मिळे.

आता एक छोटे गणित. समजा, सगळ्या ९३० जणांनी २० पौंडांचा वर्ग निवडला. हप्ता ५ पौंड ५ शिलिंग, म्हणजे वार्षिक जमा सुमारे ४,८८२ पौंड. पहिल्या वर्षी विधवा १८, त्यांना ३६० पौंड. पाच अनाथ कुटुंबांना १,०००. एकूण खर्च १,३६० आणि शिल्लक साडेतीन हजार! अशा वेळी कोणत्याही सभेत कुणीतरी उठून म्हणणारच, की पैसा पडून आहे तर हप्ता कमी करा, नाहीतर वर्षासन वाढवा. पण विधवा २७९ झाल्या की त्यांनाच ५,५८० पौंड लागतात, वर अनाथांचे हजार. म्हणजे जमेपेक्षा खर्च सतराशे पौंडांनी जास्त. ही तूट भरून निघणार ती आरंभीच्या वर्षांत साठवलेल्या भांडवलाच्या व्याजातूनच. पहिल्या दशकातली ती ‘शिल्लक’ शिल्लक नव्हतीच. अजून विधवा न झालेल्या स्त्रियांची ती ठेव होती. वेबस्टर-वॉलेस यांचे खरे श्रेय हे, की पुढच्या वर्षांचे तक्ते आधीच मांडून त्यांनी ती ठेव कुणाला खाऊ दिली नाही.

१७४४ मध्ये ब्रिटिश संसदेने या निधीचा कायदा केला. चर्चच्या पाद्र्यांबरोबर सेंट अँड्र्यूज, ग्लासगो आणि एडिंबरा या विद्यापीठांचे प्रमुख व अध्यापक त्यात नावानिशी सामील होते. वर्ग कोणता घ्यायचा याची मुभा होती, निधीबाहेर राहण्याची नव्हती. ही सक्ती कठोर वाटते, पण तिच्यावाचून हिशेब टिकला नसता. ऐच्छिक योजनेत आजारी आणि तरुण पत्नी असलेले लगबगीने येतात, धडधाकट आणि ब्रह्मचारी दूर राहतात; मग २७ आणि १८ हे आकडेच खोटे ठरतात. अविवाहितांचा हप्ता म्हणूनच महत्त्वाचा. १७५१ मध्ये ग्लासगोला एक प्राध्यापक रुजू झाले. ते तिथे तेरा वर्षे राहिले आणि आजन्म अविवाहित होते. त्यांचे नाव ॲडम स्मिथ. प्रत्येकाने स्वहित पाहिले की समाजाचे हित आपोआप साधते, असा धडा ज्यांच्या नावावर नेहमी सांगितला जातो, तेच सहकाऱ्यांच्या विधवांसाठी सक्तीचा हप्ता लावणाऱ्या कायद्याच्या कक्षेत होते. अर्थशास्त्राच्या तासाला हा तपशील सहसा कुणी सांगत नाही.

१७६५ मध्ये निधीचे भांडवल किती असेल, याचा अंदाज होता ५८,३४८ पौंड. प्रत्यक्षात ते भरले ५८,३४७ पौंड. एका पौंडाचा फरक. वर मांडलेल्या गणितात ४ टक्के व्याज धरले, तर एवढ्या भांडवलावर वर्षाला सुमारे २,३०० पौंड येतात. सतराशेची तूट भरून काढण्याची ताकद याच रकमेत होती. (वेबस्टरने पुढे १७५५ मध्ये पाद्र्यांच्या त्याच पत्रव्यवहाराच्या जाळ्यातून स्कॉटलंडची लोकसंख्याही मोजली. ती १२,६५,३८० भरली.)

मॅक्लॉरिनला हे यश पाहायला मिळाले नाही. १७४५ मध्ये जॅकोबाइट बंडखोरांचे सैन्य एडिंबरावर चालून आले, तेव्हा शहराची तटबंदी उभारण्याच्या कामात तो रात्रंदिवस राबला. शहर पडले, त्याला यॉर्कला आश्रय घ्यावा लागला, आणि त्या दगदगीने खालावलेली प्रकृती पुन्हा सावरली नाही. १४ जून १७४६ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी तो वारला. मागे पत्नी ॲन आणि पाच मुले. विधवांच्या वयांतला फरक ज्याने दाखवून दिला, त्याचेच घर सुमारे तीन वर्षांत त्या वर्षीच्या अठरांसारखे झाले.

१७४४ चा कायदा ज्या राजाच्या संमतीने झाला, तो दुसरा जॉर्ज जर्मनीतील हॅनोव्हरचाही शासक होता, आणि तिथल्या गटिंगेन विद्यापीठाचा संस्थापक. गटिंगेनच्या प्राध्यापकांचाही विधवा-निधी होता. त्या मुलखात अशा निधींविषयी धास्ती असण्याला कारण होते. १७६७ मध्ये तिथे निघालेल्या कालेनबेर्ग विधवा-निधीने भरघोस वर्षासने कबूल केली होती, आणि दोन दशकेही लोटण्याआधी ती कमी करण्याची पाळी त्याच्यावर आली होती. स्कॉटलंडमध्ये जे तक्ते आधी मांडले गेले, ते इथे अपयशानंतर मांडावे लागले.

१८४५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाला आपल्याही निधीची चिंता वाटू लागली आणि तपासणीचे काम त्यांच्याच वेधशाळेच्या संचालकाकडे आले: कार्ल फ्रीडरिख गाउस, वय ६८. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या या माणसाने पुढची काही वर्षे विधवांच्या वयांचे आणि हप्त्यांचे तक्ते करण्यात घालवली. अहवालाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. निधी बुडीत नव्हता, उलट वर्षासन थोडे वाढवता येण्याजोगे होते. भीतीपोटी विधवांचे पैसे कापणे हेही चुकीच्या हिशेबाचेच फळ असते, आणि त्याची चर्चा इतिहासात फारशी होत नाही. स्वतः गाउसच्या दोन्ही पत्नी त्याच्याआधीच निवर्तल्या होत्या. त्याच्यामागे या निधीवर भार टाकणारे कुणी नव्हते.

हप्ता आणि तक्ता यांशिवाय केवळ दानावर हे काम भागेल का, याचा प्रयोग अमेरिकेत झाला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी मूळचे स्कॉटलंडमधील डनफर्मलिन गावचे. कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त असताना प्राध्यापकांचे तुटपुंजे पगार पाहून ते चकित झाले होते. १९०५ मध्ये त्यांनी १ कोटी डॉलर देऊन एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्यातून प्राध्यापकांना एक पैसाही न भरता निवृत्तिवेतन मिळणार होते. चारच वर्षांत, १९०९ मध्ये, केवळ सेवेच्या वर्षांवर मिळणारे वेतन प्रतिष्ठानाने मागे घेतले. त्या भरवशावर आयुष्याची आखणी केलेल्या प्राध्यापकांत संताप उसळला. एक कोटी ही रक्कम अवाढव्य होती, पण किती प्राध्यापक किती वर्षे जगतील याच्याशी तिची सांगड कुणी नीट घातलेली नव्हती. अखेर १९१८ मध्ये प्राध्यापकांसाठी स्वतंत्र विमासंस्था उभी राहिली. तिच्यात हप्ता प्राध्यापकानेही भरायचा आणि विद्यापीठानेही. ज्यांना आधी शब्द दिला होता, त्यांचे विनाहप्ता वेतन चालू राहिले. नव्याने येणाऱ्यांना मात्र पावती फाडावी लागली.