खुल्या टेलिफोन एक्सचेंजची उभारणी
1999 साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने लिनक्स वापरणाऱ्यांना तांत्रिक साहाय्य देणारा छोटा व्यवसाय सुरू केला. कार्यालयातील फोन एकमेकांना व बाहेरच्या लाइनींना जोडणारे खासगी एक्सचेंज विकत घेणे परवडत नसल्याने त्याने तेच काम करणारा 'ॲस्टरिस्क' हा प्रोग्राम लिहिला आणि त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता यावी अशा जीएनयू परवान्याखाली खुली केली.

प्रोग्राम मोफत मिळाला तरी टेलिफोनची तार संगणकात आणायची कशी, हा प्रश्न उरतच होता, आणि त्याचे उत्तर जिम डिक्सन या अभियंत्याच्या 'झपाटा' प्रकल्पाने दिले. तत्कालीन टेलिफोनी कार्डांवर आवाजाच्या प्रक्रियेसाठी स्वतंत्र चिपा असत व त्यामुळे ती फार महाग पडत. संगणकाचा मुख्य प्रोसेसरच आता हा भार पेलू शकेल, हे ओळखून डिक्सनने 'टॉर्मेंटा' या साध्या कार्डाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि संगणकप्रणाली यांच्यात दुवा साधणारा प्रोग्राम, आधी बीएसडी या युनिक्सवंशीय प्रणालीसाठी लिहिला गेला होता, ही बाब लिनक्सच्या गौरवात झाकोळून जाऊ नये.

या काटकसरीची किंमत उभारणी करणाऱ्याला मोजावी लागे. डिजिटल टेलिफोनीत आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतले जातात आणि ते वेळेवर उचलण्यासाठी 'झॅपटेल' हा ड्रायव्हर प्रोसेसरचे लक्ष सेकंदाला 1000 वेळा वेधून घेई. त्यात खंड पडला की आवाज तुटे. म्हणून झॅपटेलला कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, स्थान द्यावे लागे आणि कर्नल बदलला की तो पुन्हा कंपाइल करावा लागे. ज्या सर्व्हरला टेलिफोनची एकही तार जोडलेली नव्हती, त्यावरसुद्धा अनेकांचे एकत्रित संभाषण चालवायचे तर निव्वळ कालमापनासाठी 'झेडटी-डमी' हे मॉड्यूल बसवावे लागे. टेलिफोन तंत्रज्ञाची आणि युनिक्स प्रशासकाची विद्या एकाच माणसाच्या अंगी असावी, अशी अपेक्षा या उभारणीतून निर्माण झाली. तिचे ऐतिहासिक महत्त्व प्रोग्रामच्या मोफतपणाहून कमी नाही.

भारतात 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, परंतु देशांतर्गत सार्वजनिक टेलिफोन जाळ्याशी तिची सांगड घालण्यास मनाई राहिली. परिणामी, जी जोडणी हे ॲस्टरिस्कचे मुख्य सामर्थ्य होते, तीच येथे कायद्याच्या मर्यादेमुळे टाळावी लागे.