घोडा गेला, चौक राहिला

पौष वद्य एकादशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या त्र्यंबकमध्ये रस्ता आणि मंडप यांत फरक राहत नाही. निवृत्तिनाथांच्या यात्रेला ठिकठिकाणच्या दिंड्या आलेल्या असतात. एका दिंडीचं भजन मागे पडतं न पडतं तोच पुढच्या वळणावर दुसरीचा मृदंग कानी येतो. कुशावर्ताच्या पायऱ्यांवर कोणी ओले कपडे पिळतंय, शेजारीच कोणी वीणा खांद्यावर घेऊन उभं आहे. गाणारा चालतोय, ऐकणाराही चालतोय. तिकीट नाही, खुर्ची नाही, 'आता कार्यक्रमाला सुरुवात होत आहे' असं सांगणारा माइकवरचा माणूसही नाही.

त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारच्या रस्त्याला लागलं की याच गोष्टीचं दुसरं रूप भेटतं. तिकडच्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात संबळ वाजू लागतो आणि गावातल्या वाटेवरून एकेक सोंग येतं: गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण. मुखवटा डोक्याला घट्ट बांधलेला असतो. आतल्या माणसाला समोरचं जेमतेम दिसतं, म्हणून तो संबळाच्या ठेक्यावर पावलं टाकतो. चार पावलं पुढे, दोन मागे. पन्नास पावलांची वाट संपायला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ अख्खं गाव दुतर्फा उभं असतं.

मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाची वाटचाल लिहायला बसलो की ही दोन चित्रं माझ्यासमोर आधी येतात. गावात जे रूढीने आपोआप घडतं, ते महानगरात घडवायला संस्था काढावी लागली, परवानग्या मिळवाव्या लागल्या, गाड्या अडवाव्या लागल्या. पण त्या संस्थेने रस्त्यावरच्या गर्दीतून जे कमावलं, त्यातून आपल्याला शिकता येईल असंही पुष्कळ आहे.

नसलेल्या घोड्याचं नाव

आधी चौकाची गोष्ट. ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र, १८७५ मध्ये मुंबईला येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. पुतळा काळसर धातूचा. लोकांनी वरच्या राजपुत्राकडे फारसं लक्ष दिलं नाही, खालच्या जनावराला मात्र नाव दिलं: काळा घोडा. स्वातंत्र्यानंतर परक्या राजांचे पुतळे हलवायची मागणी झाली आणि १९६५ मध्ये हाही पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. आजही तो तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

घोडा गेला, नाव गेलं नाही. टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हटलं की तो बरोबर तिथेच आणून सोडतो.

हा परिसर मूळचा मुंबईच्या किल्ल्याच्या कडेचा. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडली गेली. त्या तटाची आठवण 'रॅम्पार्ट रो' या नावात उरली. आज त्या रस्त्याला के. दुभाष मार्ग म्हणतात. तट पडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर आणि तिच्या आसपास एकामागून एक सार्वजनिक वास्तू उभ्या राहिल्या. १८७० मध्ये डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत पुरी झाली. त्याच्या शेजारी एल्फिन्स्टन कॉलेज, आणि थोडं पलीकडे वॉटसन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला. १९०५ मध्ये पायाभरणी झालेलं, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखलं जाणारं वस्तुसंग्रहालय समोरच आहे. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झालं. १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आलं.

चित्रकारांचं या परिसराशी नातं या दोन दालनांहून जुनं आहे. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने १९४९ मध्ये आपलं प्रदर्शन भरवलं ते याच रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. आणि वेसाइड इन या उपाहारगृहात बसून चौकाकडे पाहणाऱ्या अरुण कोलटकरांनी या जागेवर आख्खा कवितासंग्रह लिहिला. 'काला घोडा पोएम्स' २००४ मध्ये आला, त्याच वर्षी कोलटकर गेले. त्यांच्या चौकात कलादालनं नाहीत. सकाळी फुटपाथवर जागी होणारी, न्हाणारी, खाणारी माणसं आहेत. या महोत्सवाची वाटचाल सांगताना ही माणसं विसरून चालणार नाही, म्हणून त्यांच्याकडे पुढे पुन्हा येतो.

संस्था कशी झाली

इतकं सगळं अर्ध्या किलोमीटरच्या आत होतं, पण एकमेकांशी बोलत नव्हतं. दालन बघायला आलेला माणूस दालन बघून गाडीत बसायचा. मधला रस्ता म्हणजे पार्किंग. नव्वदच्या दशकात फोर्ट भागाचा अभ्यास करणाऱ्या अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने हे हेरलं आणि या पट्ट्याकडे 'कला परिसर' म्हणून पाहायला हवं असा विचार मांडला. १९९५ मध्ये मुंबईला वारसा वास्तूंचे नियम मिळाले होते, त्यामुळे जुन्या इमारती पाडणं अवघड झालं होतं. पण न पाडणं वेगळं आणि जपणं वेगळं. जपायला पैसा लागतो, आणि पैशाच्या आधी लोकांना ती जागा आपली वाटावी लागते.

३० ऑक्टोबर १९९८ ला काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली. कलादालनं चालवणारे, वास्तुविशारद, परिसरातल्या संस्था आणि रहिवासी एकत्र आले. उद्देश होता दक्षिण मुंबईतला हा वारसा आणि कलेचा परिसर राखणं. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, पहिला महोत्सव झाला.

सुरुवातीलाच ठरलेल्या दोन गोष्टी आजवर टिकल्या. पहिली, प्रवेश सगळ्यांना मोफत. दुसरी, कार्यक्रम एका मंडपात न ठेवता परिसरात विखुरायचे. म्हणजे नाटक बघायला निघालेल्या माणसाला वाटेत चित्रं लागणार, चित्रांवरून ग्रंथालयाच्या बागेत पाय वळणार, तिथे एखादी लेखिका वाचत असणार. बघत बघत भटकायचं, हाच महोत्सवाचा साचा. चित्रकार ब्रिंदा मिलर यांनी पुढे अनेक वर्षं महोत्सवाची धुरा सांभाळली. साहित्य, नाटक, नृत्य, संगीत, चित्रपट, लहान मुलांचे उपक्रम, नगररचना, वारसाफेरी अशा प्रत्येक विभागाला स्वतंत्र संयोजक असतो. तो आपापल्या विभागाचा कार्यक्रम ठरवतो आणि मग जागा व वेळ यांची सांगड घातली जाते.

नऊ दिवस

महोत्सव साधारण नऊ दिवस चालतो. एका शनिवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संपतो, बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. या दिवसांत रॅम्पार्ट रोवर गाड्यांना मज्जाव. एरवी जिथे टॅक्सीचा हॉर्न ऐकू येतो, तिथे पोरं रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसलेली दिसतात.

मांडणशिल्पं हा सगळ्यात जास्त बोलला जाणारा भाग. लोखंडी नळ्या, पत्रे, बांबू, कापड, प्लास्टिकच्या बाटल्या, जुनी यंत्रं यांतून केलेली ही कामं उघड्यावर उभी असतात. कलादालनातल्या चित्राला दोरी असते. इथे लोक हात लावतात, आत शिरतात, मुलाला वर बसवून फोटो काढतात. त्यामुळे करणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरं आधीच शोधावी लागतात: एवढ्या हातांनी हे मोडणार नाही ना, आणि मोडलं तर कोणाला लागणार नाही ना? आर्किटेक्चरचे विद्यार्थी इथे जे शिकतात ते वर्गात शिकायला मिळत नाही. घोडा तर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच.

शेजारी जहांगीरच्या फुटपाथवर व्यक्तिचित्रं काढणारे असतात. बाई लाकडी स्टुलावर अवघडून बसलेली, मागे तिच्या मैत्रिणी चित्रकाराच्या खांद्यावरून डोकावतायत, एक म्हणते, "नाक नाही जमलं." चित्रकार मान वर न करता खोडरबर फिरवतो. तिकडे ग्रंथालयाच्या मागच्या बागेत झाडाखाली कवितावाचन चालू असतं, क्रॉस मैदान किंवा हॉर्निमन सर्कलकडे नाच-गाणं. वाटेत दोन ठिकाणी थांबलात तर तिसऱ्या ठिकाणचा कार्यक्रम चुकतोच. चुकण्यातही मजा आहे. यात्रेतसुद्धा सगळ्याच दिंड्या कुठे ऐकून होतात?

पैसा कुठे गेला

संस्थेच्या वाटचालीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही बाजू. महोत्सवाच्या निमित्ताने उभा राहणारा निधी परिसराच्या डागडुजीकडे वळवायचा, हे असोसिएशनचं धोरण. फोर्टमध्ये बाजारगेटजवळ १८८२ चा बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावाचा घड्याळ-मनोरा आहे, पारशी अग्यारीच्या धाटणीचा. त्याची दुरुस्ती असोसिएशनने करवून घेतली. मिंट रोडवरच्या रतनसी मुळजी जेठा कारंज्याचीही तीच गोष्ट.

हे कारंजं मुद्दाम जाऊन बघावं असं आहे. कापूस व्यापारी रतनसी मुळजी यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या आठवणीत १८९४ मध्ये ते बांधवलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, बोरीबंदर स्थानक उभारणारे तेच. शिल्पकाम जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालचं. सगळ्यात वर पुस्तक वाचणारा मुलगा आहे. वर्षानुवर्षं धूर आणि धूळ खाऊन तो ओळखू येईनासा झाला होता. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली दुरुस्तीचं काम झालं आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. फेब्रुवारीतल्या गर्दीत ज्यांनी सेल्फी काढले, त्यातल्या बहुतेकांना हे कारंजं माहीतही नसेल. पण त्यांच्या येण्यातून जे उभं राहिलं, त्याचा काही अंश त्या दगडात आहे.

२०१७ मध्ये असोसिएशनने चौकाला घोडा परत दिला. वास्तुविशारद अल्फाज मिलर यांचा आराखडा, शिल्पकार श्रीहरी भोसले. सुमारे २५ फूट उंचीच्या या घोड्यावर स्वार नाही. लोकांनी शंभर वर्षांपूर्वी जो निवाडा केला होता, तोच शेवटी धातूत उतरला.

३० जून २०१८ ला मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ती नोंद पुष्कळ संस्थांच्या बऱ्याच वर्षांच्या खटपटीचं फळ होती. पण ज्या इमारती लोकांनी महोत्सवात पायी फिरून ओळखीच्या करून घेतल्या होत्या, त्यांच्याबद्दल बोलायला लोक आधीच तयार होते.

खंड, रौप्यमहोत्सव, आणि हिशेब

कोविडमुळे रस्त्यावरचा महोत्सव थांबला. २०२३ च्या फेब्रुवारीत रॅम्पार्ट रो पुन्हा भरला. २०२५ मध्ये, २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी, पंचविसावा महोत्सव झाला.

पंचवीस वर्षांचा हिशेब मांडताना उणी बाजूही मांडायला हवी. शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की मांडणशिल्प पाहण्यापेक्षा त्याच्यासमोर फोटोसाठी रांग लावणं जास्त होतं. प्रायोजकांच्या पाट्या कधी कधी कलाकृतीपेक्षा ठळक दिसतात. स्टॉलवरच्या वस्तू ज्याला परवडतात तो वर्ग ठरावीक आहे. आणि कोलटकरांच्या चौकातली सकाळची माणसं त्या नऊ दिवसांत कुठे असतात, याचं उत्तर कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नसतं. मोफत प्रवेशाने दार उघडतं. आत सगळ्यांना बोलावायचं काम त्यानंतरही उरतंच.

तरीही तराजू माझ्या मते संस्थेच्या बाजूने झुकतो. कलेसाठी नवी वास्तू न बांधता, आहे तोच रस्ता नऊ दिवस माणसांना देऊन, त्यातून जुन्या वास्तूंची डागडुजी करणारी दुसरी संस्था आपल्याकडे पटकन आठवत नाही.

आता आपल्याकडे वळतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकमध्ये रस्ते, घाट, वाहनतळ यांच्या योजना आखल्या जात आहेत. पर्वणीचं नियोजन प्रशासन करील, ते त्याचं काम. पण सिंहस्थानंतर रुंद झालेल्या रस्त्यांचं आपण काय करणार, हे आपण ठरवायचं आहे. वर्षातून एक संध्याकाळ कुशावर्त ते निवृत्तिनाथांचं समाधी मंदिर हा रस्ता गाड्यांना बंद करावा. मोखाडा, पेठ, सुरगाण्याकडच्या बोहाड्यातल्या सोंगांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावं. नाशिकच्या चित्रकला महाविद्यालयांतल्या मुलांना चौकात मांडणशिल्पं उभारू द्यावीत. शेजारीच एखाद्या दिंडीचं भजन असावं. जे पैसे जमतील त्यांचा हिशेब चौकातल्या फळ्यावर लिहावा आणि त्यातून दरवर्षी एक जुना घाट, एक दीपमाळ किंवा एक पडका वाडा दुरुस्त करावा.

मुंबईला त्यासाठी आधी रस्ता रिकामा करायला शिकावं लागलं. आपल्याला ते पौषातल्या एकादशीपासून येतं. नगरपालिकेच्या पुढच्या सभेत ही एक संध्याकाळ मागायला कोण कोण येणार, तेवढं कळवा.