पाळीचा दिवस

घोडबंदर रोडला राहतो म्हटलं की लोक आधी वाहतूक कोंडीबद्दल हळहळतात, मग फ्लॅटचा भाव विचारतात. परदेशी घोडे इथल्या बंदरात उतरायचे म्हणून हे नाव, ही कथाही कुणीतरी ऐकवतोच. मला हा रस्ता कळला मामामुळे, आणि मामाला तत्त्वज्ञान विद्यापीठामुळे.

पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी 1956 साली हे विद्यापीठ इथं काढलं. त्याआधी 1954 मध्ये जपानमधल्या परिषदेत ते गीतेवर बोलले, तेव्हा ‘हे असं जगणारा एखादा समाज तुमच्याकडे आहे का?’ असं त्यांना कुणी विचारलं, अशी गोष्ट त्यांचे अनुयायी, म्हणजे स्वाध्यायी, सांगतात. पुढे त्यांची माणसं स्वखर्चानं, शिदोरी बांधून गावोगाव भावफेरीला जाऊ लागली.

तशीच एक भावफेरी मामाच्या कोळीवाड्यात पोचली. काही वर्षांनी किनाऱ्याला ‘मत्स्यगंधा’ लागली. होडी सगळ्यांनी मिळून उभी केलेली, मालकी देवाची. खलाशी पाळीपाळीनं जायचे. पाळीच्या दिवशी स्वतःची होडी किनाऱ्यावर आणि आपण देवाच्या होडीवर. त्या मासळीचा पैसा कुणाचाच नाही, म्हणून ती अपौरुषेय लक्ष्मी. नडलेल्याच्या घरी त्यातला वाटा प्रसाद म्हणून, गाजावाजा न करता जायचा. शेतकऱ्यांकडे हीच रीत योगेश्वर कृषी झाली. तिथं राबणारा मजूर नव्हे, पुजारी.

हे सगळं मामीला पटत होतं. फक्त एका चैत्रात सप्तमीला, एकवीरेच्या पालखीच्या दिवशीच मामाची पाळी आली. कोळणीला कार्ल्याची जत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. नवीन लुगडं घडी न मोडता ठेवलेलं. ‘पाली हाय माझी,’ एवढं बोलून मामा निघून गेला. मामी शेजारणींबरोबर गड चढली.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त, म्हणजे 1915 साली छापून आलेल्या त्या जाड ग्रंथात, सुखाच्या प्रश्नाला अख्खी प्रकरणं दिली आहेत. मिल्ल आहे, कांट आहे, सुख मोजायचं की कर्तव्य, यावर भरपूर झटापट आहे. कॉलेजात मी ती वाचली आणि मला सारखं वाटत राहिलं, की या वादातला माणूस एकटाच राहतो. त्याच्या दारात लुगड्याची घडी घेऊन कुणी उभं नाही. खुद्द गीतेतही बोलणारे चारच : धृतराष्ट्र, संजय, अर्जुन आणि श्रीकृष्ण. बाई एकही नाही.

मामाला आपण त्याग करतोय असं वाटलं असतं, तर मामीनं सोसलं असतं. पण पाळीहून तो शीळ घालत यायचा! आपल्या होडीवरून येताना कधी शीळ नाही. मामीचं दुखणं ते होतं. कर्तव्य त्याचं, सुखही त्याचंच, आणि उरलेलं सगळं तिच्या वाट्याला.

25 ऑक्टोबर 2003 ला, ऐन दिवाळीत, शास्त्रीजी गेले. विद्यापीठात दर्शनाला माणसांची रांग लागली. मामा-मामी रात्रीच निघून आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथंच अंत्यसंस्कार झाले. तो पाडवा होता. मामी रांगेत मुकाट उभी होती, रडली मामाहून जास्त, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

रात्री आमच्या घरी आल्यावर तिनं आईकडून तबक मागून घेतलं आणि मामाला ओवाळलं. ओवाळणी टाकायला मामाचे खिसे रिकामे. ‘पैसे नको,’ मामी म्हणाली, ‘येत्या चैत्रातली सप्तमी टाक.’

मामानं मान डोलावली. मग जरा वेळानं हळूच विचारलं, ‘वार कंचा पडतो?’