मधुमेह आणि परिचारिकेची विद्या

इ. स. १९२२ च्या ऑगस्ट महिन्याच्या ७ तारखेस अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. इलियट जोस्लिन यांनीं आपल्या पहिल्या रोग्यास इन्शुलिन दिलें. हा रोगी म्हणजे एलिझाबेथ मज नांवाची एक परिचारिका होती. जिनें इतरांची शुश्रूषा करावयाची, तिचाच देह पांच वर्षांच्या मधुमेहानें हाडांचा सांपळा होऊन राहिला होता.

इन्शुलिनपूर्वींच्या काळीं या रोगावर थोडाफार चाले असा एकच उपाय होता, तो म्हणजे उपास. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं १९१५ सालच्या सुमारास त्यास शास्त्रीय रूप दिलें. लघवींतील साखर नाहींशी होईपर्यंत रोग्यास उपाशी ठेवावयाचें व मग अन्न तोलूनमापून द्यावयाचें. आज्ञा डॉक्टरांनीं लिहावी. ती पाळावयाची परिचारिकेनें. भाजी तीन वेळां उकळून दर वेळीं पाणी टाकून द्यावें, म्हणजे तींतील शर्करा निघून जाई. उरलेला चोथा रोग्यापुढें ठेवावयाचा. समोर भुकेनें कळवळणारें मूल आणि हातांत तराजू, हें काम ज्ञानाइतकेंच काळीजही मागणारें होतें. ॲलन यांच्याकडील एका बारा वर्षांच्या आंधळ्या मुलाच्या लघवींत साखर कां उतरते, हें कोणास कळेना. शेवटीं तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यांतील कॅनरी पक्ष्याचे दाणे खात असल्याचें उघड झालें. त्या मुलास दोष कोण देईल?

इन्शुलिन आलें आणि परिचारिकेच्या विद्येचा रोखच पालटला. पूर्वीं अन्न अधिक गेलें तर घात. आतां सुई टोंचल्यावर अन्न वेळेवर गेलें नाहीं तरी घात. रोगी भ्रमल्यासारखा बोलूं लागला, तर रक्तांतील साखर वाढली आहे कीं उतरली आहे, हें तिला ओळखावें लागे. अंग घामानें थबथबून हात कांपूं लागले कीं संत्र्याचा रस अथवा साखर द्यावयाची. उलट तोंड कोरडें, श्वास खोल आणि त्यास फळासारखा वास असला, तर इन्शुलिनची निकड. या दोहोंत गफलत झाली तर प्राणाशीं गांठ, आणि डॉक्टर येईपर्यंत थांबण्यास नेहमींच सवड नसे.

जोस्लिन यांनीं १९१८ सालींच रोग्यांसाठीं मधुमेहावर एक पुस्तिका लिहिली होती. पण नुसत्या वाचनानें सुई टोंचतां येत नाहीं. म्हणून परिचारिकांना खास शिक्षण देऊन रोग्यांच्या घरीं पाठविण्याची रीत त्यांनीं पाडली. या फिरत्या परिचारिका बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत लघवीचे आठ थेंब घालून तें उकळीत, आणि रंग निळाच राहिला कीं हिरवा, पिवळा, विटकरी झाला, हें घरच्या माणसांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयास लावीत.