हर्ष, हॉरर आणि लागीर

२०२४ साली मराठी मातीतली दोन भुतं हिंदी बोलत थेटरात आली. जूनमध्ये आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ आणि सप्टेंबरमध्ये राही अनिल बर्वे यांचा मूळ २०१८ सालचा ‘तुंबाड’, दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला तो हुकलेल्यांनी या वेळी गर्दी केली. असा सिनेमा पाहून आलेलं पोरगं म्हणतं, ‘भयंकर आवडला’. यात कुणाला काही खटकत नाही. भय निर्माण करणारं ते भयंकर. पण आपल्याकडे लग्नातली जिलबीसुद्धा भयंकर आवडते.

भडगावकडे, गिरणेच्या काठाने, अहिराणीत भयाचं ‘भेव’ होतं. फार भेव वाटलं की ‘आंगवर काटा उना’ म्हणतात. प्रमाण मराठीतही काटाच येतो. संस्कृतात त्याला रोमहर्ष म्हणत, आणि आपल्या विषयाची खरी गंमत या शब्दात दडलेली आहे. रोम म्हणजे अंगावरची लव. हर्ष हा ‘हृष्’ या धातूपासून आलेला, आणि त्या धातूचा एक जुना अर्थ ताठ उभं राहणं, शहारणं. आनंद हा त्याचा दुसरा अर्थ. आनंदानेही लव उभी राहतेच. लॅटिनमध्ये ‘होर्रेरे’ म्हणजे केस उभे राहणं, थरथरणं. त्यातून इंग्रजीत ‘हॉरर’ आला. भाषाशास्त्रज्ञ हे दोन्ही धातू एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूची लेकरं मानतात. म्हणजे हर्ष आणि हॉरर हे सख्खे भाऊ. एक युरोपात गेला आणि भ्यायला शिकला, दुसरा इकडे राहून हसायला लागला. भुताचा सिनेमा पैसे मोजून का पाहायचा, असं विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे.

इकडचा भाऊ तरी भीती पूर्ण विसरला होता का? गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो गलितगात्र होऊन, धनुष्य हातातून सुटताना. अकराव्यात विश्वरूप पाहून पुन्हा त्याचे रोम उभे राहतात, या वेळी विस्मयाने. पुढे तर तो एकाच श्लोकात कबूल करतो की, कधी न पाहिलेलं पाहून मी हर्षित झालो आहे आणि भयाने मन व्याकुळही झालं आहे. भयकथाकार नारायण धारपांची कादंबरी रात्री दार लावून वाचणाऱ्याची अवस्था याहून फार वेगळी नसते. आज ‘रोमहर्षक’ शब्द क्रिकेटच्या शेवटच्या षटकापुरता उरला, हे मात्र त्याचं नशीब.

मला अधिक नवल वाटतं ते आपल्या कौतुकाच्या शब्दांचं. गाणं ऐकून आपण ‘भारावून’ जातो. ‘भारणं’ म्हणजे मंत्र घालणं. मांत्रिक लिंबू भारतो, दोरा भारतो. आवाजाचं आपल्यावर ‘गारुड’ होतं. गारुड हा गरुडाशी जोडलेला, सापाचं विष उतरवणारा मंत्र, गारुडी तिथलाच. काम ‘झपाटून’ करतो, आणि महेश कोठारेंच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू बाहुल्यात शिरतो, तेव्हा तोच शब्द त्याच्या जुन्या घरी परततो. ‘लागीर’ म्हणजे भूत लागणं, बाधा. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ ही मालिका सुरू झाली आणि घरोघर लागीर म्हणजे प्रेम झालं. चांगल्याला चांगलं म्हणताना आपण मांत्रिकाच्या पोतडीत हात घालतो. समीक्षकांनी ‘रसास्वाद’, ‘अभिव्यक्ती’ असे कितीही सोवळे शब्द दिले, तरी लोकांची दाद भुताखेतांच्याच बोलीत येते. मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

लताबाईंच्या आवाजाचं गारुड म्हणताना आठवावं की त्यांचं नाव देशभर झालं ते भुताच्या वाटणाऱ्या गाण्यानेच. ‘महल’ (१९४९) मधलं ‘आएगा आनेवाला’. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. वर्षानुवर्षं लोक ज्या आवाजाने भारले गेले, तो आधी एका नसलेल्या बाईच्या नावावर होता.

भुतांची कुळं पाहिली तर बहुतेक घसरलेली दैवतं किंवा अडकलेली माणसं निघतात. जखीण ही यक्षिणी. नदी-विहिरीवर शेंदूर लावलेल्या सात दगडांतल्या साती आसरा या अप्सरा. ‘आश्रय’ झिजून झालेल्या ‘आसरा’शी त्यांचं नातं नाही, पण पाण्याच्या काठी हे दोन शब्द शेजारी नांदतात, हे बरंच आहे. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि सोडमुंजेआधी गेला तो पोर. मुंज नावाच्या गवताची मेखला त्याच्या नावात अजून आहे. समंधात ‘संबंध’ आहे, न तुटलेला. खवीस अरबी ‘खबीस’, म्हणजे नीच, अपवित्र. पिशाचांना तर स्वतंत्र भाषा होती, पैशाची. तिच्यात गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ लिहिली, आणि परंपरा त्याला पैठणच्या सातवाहन दरबारात बसवते. या सगळ्यांत ‘भूत’ सर्वांत साधं : जे झालं ते, होऊन गेलेलं. व्याकरणातला भूतकाळ तोच. पसायदानातली भूतं मात्र जिवंत, प्राणिमात्र. भूतदयाही त्यांच्यावरच करायची असते.

या घराण्यातला एक शब्द मला गमतीने उच्चारता येत नाही. डाकीण. मूळ डाकिनी, तंत्रमार्गातली देवीची सहचरी. खानदेशाच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या पाड्यांवर, हाच शब्द जिवंत बाईवर ठेवला गेला; साथ आली, गुरं मेली की बोट तिच्याकडे, आणि मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत भीतीला वाचकाखेरीज कुणाचा पत्ता नसतो. इथे भीती पत्ता शोधत घरी येते. भयकथेचा शौक आणि डाकिणीचा संशय एकाच अंधश्रद्धेच्या खात्यात टाकणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. धारप वाचणाऱ्याला पुस्तक मिटता येतं.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये, आपण ज्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो तो झाला. त्याचं पूर्ण नाव लांबलचक, पण शब्दांच्या नादी लागलेल्याने वाचावंच असं. त्यात ‘अघोरी प्रथा’ आहेत. अघोर म्हणजे घोर नसलेला, सौम्य; ते शिवाचं नाव. आपल्याकडे येईतो अर्थ पुरता उलटला. त्याच नावात ‘समूळ उच्चाटन’ही आहे. उच्चाटन हे तांत्रिकांच्या षट्कर्मांपैकी एक; मारण, स्तंभन, वशीकरण यांच्याच रांगेतलं. शत्रूला त्याच्या जागेवरून मंत्राने उखडून लावण्याचा प्रयोग. मसुदा लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात होतं की नाही, कोण जाणे. ‘निर्मूलन’ हा शब्द दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नावात होताच, पण जोर बघाल तर उच्चाटनाचाच जास्त.